वासाचा रकाना

रविवार, २ नोव्हेंबर. मृतांच्या स्मरणाचा दिवस. संध्याकाळी साडेपाच. कबरस्तान.

हजर: धाकटा दीर विजय, त्याची श्रेया, सासूबाई (मम्मी), हे आणि मी. मम्मींसाठी घडीची खुर्ची घरून नेली होती. राहुरीहून तुझी आई येणार होती. गाडी सांगून ठेवली होती, पण सकाळी तिचा फोन आला की पाय उचलत नाही, मेणबत्त्या तुमीच लावा. फादर सहाला पोहोचले. गैरहजर या शब्दापुढे कोणाचं नाव लिहायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून ती ओळ सोडून दिली.

शलोमी, तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, सिमेट्रीतबी हजेरी घेता का. घेते. शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय येतं? तू गेलीस त्या मंगळवारीही दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी यादी केली होती. फादरांना फोन, पेटी, राहुरीला निरोप, श्रेयाला शाळेतून कोण आणणार. नऊ कामं होती आणि दुपारी तीनपर्यंत नऊही झाली. लोक म्हणाले, मोठ्या जावेनं किती सांभाळलं. सांभाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून ते जमलं.

आजचीही यादी होती. पांढऱ्या मेणबत्त्या बारा, काड्यापेट्या दोन, वारा अडवायला बूड कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, झेंडू, निशिगंध. तुझी कबर अजून कच्ची आहे. माती नीट बसल्याशिवाय बांधता येत नाही, असं तिथला माणूस म्हणाला. लाकडी क्रूस डावीकडे कलला होता, तो विजयने सरळ केला आणि मग उगाच पुन्हा पुन्हा सरळ करत राहिला. पप्पांच्या कबरीवर तीन मेणबत्त्या, तुझ्यावर पाच आणि उरलेल्या चार, ज्यांच्याकडे कोणी येत नाही त्यांच्यासाठी. ही पद्धत तूच पाडलेली. फादरांनी पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली, सगळं वेळेत उरकलं. तेवढ्यात श्रेयाने विचारलं, "मोठी मम्मी, मम्मीच्या मेणबत्त्या कुठंयत?"

मी म्हटलं, अजून तयार नाहीत.

बारा ऑक्टोबरपासून तयार आहेत. डब्यावर माझ्याच अक्षरात तसं लिहिलेलं आहे.

या सगळ्याची सुरुवात याच कबरस्तानातून झाली होती, आठवतं? चार वर्षांपूर्वी, दोन नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझं उलथणं सापडेना. मी वरच्या मजल्यावर तुझ्याकडे विचारायला आले तर तूही नव्हतीस. नऊ वाजता गेटमधून आलीस ती हातात गच्च भरलेली पिशवी आणि माझं उलथणं घेऊन. कबरींवर विझून राहिलेली थोटकं आणि दगडांवर सांडून थिजलेलं मेण तू खरवडून आणलं होतंस. मम्मी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"मेलेल्यांच्या मेणबत्त्या घरात आणतेस?"

"मेलेल्यांच्या कशा, मम्मी? जित्यांनीच लावल्यात की. त्यांनी पेटवल्या, वाऱ्यानं विझवल्या. जळायच्या राहिल्यात, एवढंच."

माझी हरकत वेगळी होती. त्या मेणात माती होती, मुंग्या होत्या, कोणाचा तरी लांब केस होता. ते मी तुला मुद्देसूद सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि पातेलं सरळ गॅसवर ठेवलंस. पाच मिनिटांत धूर. मी धावत वर आले, गॅस बंद केला आणि मोठ्या पातेल्यात पाणी घालून त्यात छोटं पातेलं ठेवलं. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही, ते भडकतं, पाण्यावरच वितळवायचं, हे मी तुला ओरडूनच शिकवलं. जुन्या मलमलीच्या ओढणीतून तू ते गाळलंस आणि चहाच्या ग्लासात ओतलंस. आपली भागीदारी अशी, धुरात सुरू झाली.

पुढच्या चुका तुझ्या एकटीच्या नव्हत्या. वास यावा म्हणून गुलाबपाणी घालायची कल्पना माझी होती. पाणी आणि मेण एकत्र येत नाहीत हे मला कळायला हवं होतं. मेण तडतडलं, माझ्या मनगटावर उडालं, आणि गुलाबपाणी तळाशी जाऊन बसलं. मग तू श्रेयाचे मेणाचे खडू किसून रंग दिलास. त्यांनी वात चोंदली, ज्योत करंगळीच्या नखाएवढी. मग दिसायला छान म्हणून वर मोगऱ्याच्या सुक्या पाकळ्या टोचल्यास आणि नाताळच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्या पाकळ्यांनी पेट घेतला. विजयने ग्लासवर वरणाची वाटी पालथी घातली. वरणासकट. मम्मी आठ दिवस त्यावर हसत होत्या.

त्यानंतर मी रजिस्टर काढलं. शाळेत हजेरीसाठी असतं तसं, लांब, जाड पुठ्ठ्याचं. तारीख, बॅच नंबर, मेण किती, वासाचं तेल किती, किती तापमानाला घातलं, कधी ओतलं, कधी तयार होणार. शेवटचा रकाना वासाचा, आणि तो तुझा. बाकीचं सगळं माझं.

चर्चच्या मंडळीतल्या बायका आता मला विचारतात, घरी सुरुवात करायची तर काय काय लागतं. मी घडाघडा सांगते. सोयाचं मेण घ्या, चुऱ्यासारखं मिळतं. वजनाचा काटा आणि डेअरीत असतो तसा थर्मामीटर घ्या. मेण पाण्यावर वितळवा. पासष्ट अंशांवर आलं की शंभर ग्रॅमला सहा ग्रॅम तेल घाला, मेणबत्तीसाठीच विकतात तेच, अत्तर नको. दोन मिनिटं हळू ढवळा. वात कपड्याच्या चिमट्यात धरून ग्लासच्या मधोमध उभी ठेवा आणि मग ओता. वातीची भानगड नको असेल तर बर्फाच्या सिलिकॉनच्या ट्रेमध्ये वड्या पाडा. त्या पेटवायच्या नाहीत, पणतीवर वाटी ठेवून त्यात वितळवायच्या, खोलीभर वास येतो. काहीही असो, दोन आठवडे झाकून ठेवा, वास मेणात मुरू द्या. मेणबत्ती पहिल्यांदा लावली की काठापर्यंत मेण वितळल्याशिवाय विझवू नका, नाहीतर मधेच विहीर पडते.

हे सगळं त्या लिहून घेतात. मग विचारतात, आणि वास कसा जमवायचा? तिथे मी विषय बदलते.

तुझं नाक. लग्न होऊन आलीस तेव्हा आम्हाला त्याची फक्त चेष्टा करता आली. सतरा वर्षांपूर्वी तू या घरात आलीस आणि तिसऱ्याच दिवशी जिन्यातून म्हणालीस, ताई, खाली तुमच्या फ्रीजात कोथिंबीर सडलीय. होतीच. तुझे वडील, आप्पा, राहुरीकडच्या गुऱ्हाळात गुळव्या होते. काहिलीपुढे उभं राहून रस कधी उतरवायचा ते सांगण्याचं काम. तू सांगायचीस की ते उकळीकडे बघायचेच नाहीत, तोंड फिरवून उभे राहायचे आणि एकदम म्हणायचे, आता. वासावरून. तू पाच वर्षांची त्यांच्या गुडघ्याला धरून उभी, आणि पुढेपुढे त्यांच्याआधी तूच म्हणायला लागलीस, आता.

तेलाची बाटली तू कधी काट्यावर धरली नाहीस. पातेल्यावर वाकायचीस, डोळे मिटून बाटली तिरकी करायचीस आणि थांबायचीस. मी म्हणायचे, मोजून घाल. तू म्हणायचीस, ताई, तुमी मोजा, मला हुंगू द्या. मग मी एक युक्ती काढली. तुझ्या हातात देण्याआधी मी बाटलीचं वजन करायचे आणि परत घेतल्यावर पुन्हा करायचे. फरक रजिस्टरमध्ये लिहायचे. तू न मोजता घातलेलं माझ्या वहीत ग्रॅममध्ये उतरायचं, आणि दर वेळी सहाच्या आसपास. पावणेसहा, सहा, सव्वासहा. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. यातलं दुसरं मी तुला कधी सांगितलं नाही.

आणि शेवटचा रकाना. काल मी तो पुन्हा वाचला. बॅच नऊ, मोगरा: "गजरा सकाळचा न्हाई, संध्याकाळचा. उशीखाली दबलेला." बॅच बारा, लिंबू: "भांड्याचा साबण. नको." बॅच पंधरा, चंदन: "मम्मींच्या ट्रंकेतला, पण उघडल्या उघडल्या न्हाई, साड्या उचलल्यावर." बॅच एकोणीस, कॉफी: "कॉफी कुठंय? करपलेली चपाती." तुझं अक्षर रकान्यात मावायचं नाही. समासात जायचं, समास संपला की खालच्या ओळीत घुसायचं, आणि माझी पुढची नोंद बिघडायची. मी किती वेळा म्हटलं, एका शब्दात लिही. चांगला, मध्यम, वाईट. रकाना त्यासाठीच असतो.

"एका शब्दात वास मावत न्हाई, ताई."

"शाळेत मुलांचं अख्खं वर्ष एका शेऱ्यात मावतं."

"म्हणून तर ती नापास व्हत्यात."

हा वाद आपण तीन वर्षं घातला. तू त्यात हरल्याचं दाखवलंस, आणि मी जिंकल्याचं मानलं. बॅच अठ्ठावीसपासून तू एका शब्दात लिहायला लागलीस. चांगला. चांगला. बरा. चांगला. मला वाटलं, शेवटी शिस्त लागली. मी ह्यांना जेवताना सांगितलंसुद्धा, शलोमी आता नीट नोंद ठेवते.

गेल्या वर्षी शिर्डीच्या एका लॉजवाल्याने खोल्यांसाठी मोगऱ्याच्या वड्या मागवायला सुरुवात केली. आपलं पहिलं बाहेरचं गिऱ्हाईक. तू तर नवीन ट्रे घेऊन मोकळी झालीस. सहा महिने नीट चाललं. मग या वर्षी एप्रिलमध्ये त्याने दोन्ही खोकी परत पाठवली. वड्यांवर तेलाचा घाम आला होता, कागद पारदर्शक झाले होते. फोनवर म्हणाला, मॅडम, पाहुण्यांची डोकी दुखतात, एका म्हाताऱ्या बाईंना तर खोली बदलून द्यावी लागली.

मी रजिस्टर घेऊन वर आले. मम्मी तुझ्याकडेच बसल्या होत्या, श्रेया अभ्यास करत होती. मी आकडे वाचून दाखवले. शंभराला सात, मग आठ, मग दहा, शेवटच्या बॅचला बारा. आणि मग म्हणाले,

"नाक आहे, की नुसतं तोंडावर लावलंय?"

श्रेयाने वर पाहिलं. मम्मींनी नाही. तू ट्रे धूत होतीस, तो धूतच राहिलीस. मग म्हणालीस, "चुकलं, ताई. इथून पुढं तुमी मोजून द्या. मी तेवढंच घालीन."

आणि तसंच केलंस. बॅच चौतीसपासून मी सहा ग्रॅम वाटीत मोजून द्यायचे, तू ओतायचीस. तक्रार बंद. लॉजवाला खूश. माझे आकडे सरळ रेषेत आले, आणि सरळ रेषेत आलेल्या आकड्यांकडे कोणी पुन्हा बघत नाही.

उन्हाळ्यात एकदा तुझ्याकडून करपल्याचा वास आला म्हणून मी वर आले, तर तू शेगडीपासून चार हातांवर वाटाणे सोलत बसली होतीस आणि दूध पातेल्याला काळं लागलं होतं. मी म्हटलं, झोपलीस का? तू म्हणालीस, हां, डोळा लागला जरा. सोलत असलेला वाटाणा तुझ्या हातातच होता. शलोमी, मी तो वाटाणा पाहिला होता. मी पातेलं घासायला टाकलं आणि खाली गेले.

सप्टेंबरमध्ये एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं म्हणून विजय तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, त्यांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, आणि मशीनमधून फोटो निघाला. मी बरोबर होते, फाइल माझ्याकडे होती. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने दाखवलं, गाठ कुठे आहे ते. कपाळाच्या मागे, नाकाच्या बरोबर वर. मग विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"

विजय म्हणाला, तिला वास येतो की. तिचं नाक तर. मग तुझ्याकडे बघून थांबला. तू फरशीकडे बघत होतीस. म्हणालीस, ध्यानात न्हाई. विजयने सुचवलं, महिना झाला असेल. डॉक्टरांनी महिना लिहिला.

जिना उतरताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि हसून म्हणालीस, "ताई, तुमी बरोबर बोलला हुता. नुसतं लावलंयच."

तेव्हा मी काय केलं ते सांगते, कारण तू पुढच्या पायरीकडे बघत होतीस. मी फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. वासाच्या तेलाचा रकाना, बॅच सव्वीस: सहा. सत्तावीस: सहा. अठ्ठावीस: सात. तारीख जानेवारीतली. एकोणतीस: आठ. शेजारी तुझा रकाना, जिथे अठ्ठावीसपासून एकेक शब्द. तू हुंगत होतीस, काही येत नव्हतं, म्हणून अजून थोडं, अजून थोडं घालत होतीस. आणि मी बाटलीचं आधीचं आणि नंतरचं वजन करून तुझं दुखणं ग्रॅममध्ये लिहून ठेवत होते. तारखेसह. एकतिसाव्या बॅचच्या समासात लाल शाईत माझंच अक्षर आहे: "जास्त. का?"

प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तराची वाट पाहिली नाही.

पुढच्या भेटीला मी रजिस्टर पिशवीत घालून नेलं. डॉक्टरांना दाखवलं, जानेवारी म्हणून सांगितलं. भला माणूस होता, पानं उलटून नीट पाहिलं. मी विचारलं, जानेवारीत कळलं असतं तर? ते म्हणाले, अशी गाठ हळू वाढते, कदाचित दोन-चार वर्षांची असेल, जर-तरचं आता काही सांगता येत नाही. मग रजिस्टर मिटून परत देताना म्हणाले, "नोंदी फार छान ठेवल्यात तुम्ही."

आयुष्यभर मला हे वाक्य ऐकायला आवडत आलं आहे.

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि तू म्हणालीस, त्याआधी एक बॅच टाकू. मी म्हटलं, आता कशाला? तू म्हणालीस, दोन तारीख येतीय. आप्पांच्या कबरीवर गुऱ्हाळाची लावायचीय. तो वास तू चार वर्षांत पाच वेळा करून पाहिला होतास. व्हॅनिला, सुंठ, धुराचं तेल, कधी लवंग. पाचही वेळा रकान्यात एकच: "आप्पा न्हाई आले." मी त्या नोंदीवरही कुरकुर केली होती. हा वास नाही, हा माणूस झाला.

अठ्ठावीस सप्टेंबर, रविवार, मिसा झाल्यावर. बॅच एक्केचाळीस. तुझं स्वयंपाकघर, खिडकी उघडी, तुझ्या डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून मी पडदा अर्धा ओढलेला. तू स्टुलावर बसून तीन बाटल्या पुढे मांडल्यास आणि वाकलीस. सवयीने. डोळेही मिटलेस. मग उघडून माझ्याकडे बघितलंस. आपल्याला दोघींनाही आता माहीत होतं.

"मला जानेवारीतच कळलं हुतं, ताई," तू म्हणालीस. "सर्दी वाटली आधी. मग वाटलं यील परत."

"सांगायचं नाही का?"

"काय सांगू? मेण तुमी आणायचं, वजन तुमचं, वही तुमची, गिऱ्हाईकाशी बोलणं तुमचं. माझं नाकच हुतं यात."

मी थर्मामीटर धरून उभी होते. पारा पासष्टवर आला होता. मला काय म्हणायचं होतं ते मी या पाच आठवड्यांत किमान वीस वेळा मनात नीट मांडलं आहे. की नाक नसतं तरी तू हवी होतीस. की ती शिर्डीची खोकी गेली खड्ड्यात. की सगळ्यांसमोर तुला तसं बोलले, त्यासाठी मला माफ कर. तीन मुद्दे. क्रमानेही मांडता येतात.

मी म्हणाले, "पासष्ट झालं. घाल."

तू घातलंस. आठवणीने. व्हॅनिला थोडं, थांबलीस, सुंठ, थांबलीस, आणि धुराची बाटली बराच वेळ तिरकी धरून शेवटी दोनच थेंब. मी वजन केलं नाही. त्या एकाच बॅचला आकडा नाही, वहीत तिथे आडवी रेघ आहे. ढवळताना एकदा तू तोंड फिरवलंस, भिंतीकडे, आणि म्हणालीस, आता. मी ओतलं. सहा ग्लास. चिमटे लावले, झाकणं तयार ठेवली. त्या वेळी खोलीत वास कसा होता, असं मला श्रेयाने नंतर विचारलं. मी थर्मामीटर बघत होते.

दवाखान्यात आपण बोललो ते फक्त कामाचं. चष्मा कुठे ठेवलाय, श्रेयाची फी भरलीय, मम्मींच्या गोळ्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भेटायची वेळ संपताना, तू विचारलंस, "एक्केचाळीस कधी तयार हुईल?" मी म्हटलं, बाराला. तू म्हणालीस, मग तुमीच भरा रकाना. मी म्हटलं, घरी आल्यावर तू भर. तू म्हणालीस, "मला कसा भरता यील, ताई?" आणि नर्सने हाक मारली.

बारा तारखेला तू काचेपलीकडे होतीस. चौदाला गेलीस.

काम साधं आहे. डबा उघडायचा, एक मेणबत्ती काढायची, आधी थंड हुंगायची, मग पेटवायची, काठापर्यंत वितळू द्यायची, पुन्हा हुंगायचं, आणि लिहायचं. पण काय लिहू? मी ते गुऱ्हाळ कधी पाहिलं नाही. तुझ्या आप्पांना मी दोनदा भेटले, दोन्ही वेळा लग्नकार्यात, अंगाला साबणाचा वास. ते आले की नाही आले, हे ओळखणारं एकच नाक होतं आणि ते तर ओतण्याआधीच गेलेलं होतं. तुझ्या आईला विचारावं म्हणून आज तिला आणणार होते. खरं कारण तेच होतं, गाडी त्यासाठीच सांगितली होती. तिचा पाय उचलला नाही. कदाचित तिलाही माहीत असेल, गाडी कशासाठी येते आहे ते.

चांगला, मध्यम, वाईट. मीच आखलेला रकाना. आता तो मलाच अरुंद पडतो आहे.

कबरस्तानातून परत आल्यावर मम्मींना गोळी दिली, घडीची खुर्ची जागेवर ठेवली, उरलेल्या काड्यापेट्या वरच्या फळीवर ठेवल्या. श्रेया जेवून वर गेली. जाताना जिन्यात थांबून म्हणाली, मोठी मम्मी, तयार झाल्या की मला हाक मारा, पहिली आपण आप्पांना नेऊ. हो म्हटलं.

आजच्या यादीत दहा कामं होती. नवांपुढे खूण झाली आहे. डबा माझ्यासमोर ओट्यावर आहे, पुसून ठेवलेला, झाकण घट्ट. रजिस्टर उघडं आहे. माझी पेनं दोन, निळं आणि लाल.

१०. बॅच ४१ उघडणे. वास लिहिणे.